नाममात्र सभासद

साजगाव, ता. खालापूर, जि. रायगड

लंडनचे महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि जगभरातील लहानमोठ्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणींस,



हे पत्र खुले लिहिते आहे, कारण एकाच मंडळाला लिहिले असते तर ती तक्रार झाली असती आणि मला तक्रार करायची नाही. तुमच्या घटनेतल्या एका कलमाविषयी बोलायचे आहे. सभासद कोण होऊ शकतो, हे सांगणारे ते कलम. प्रत्येक मंडळात ते निराळ्या शब्दांत असते. काहींनी ते मोकळ्या मनाने लिहिले असेल, काहींनी घाईत लिहिले असेल, काहींकडे ते लिहिलेलेच नसेल आणि वेळ येईल तसे ठरत असेल. मी जे पाहिले ते तुमच्यापुढे ठेवते.

मी खोपोलीजवळच्या साजगावात राहते. एका पतसंस्थेत सत्तावीस वर्षे नोकरी केली. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस काढायची, इतिवृत्त लिहायचे, उपविधीत दुरुस्ती असली की तिचा मसुदा करायचा, ही कामे शेवटची बारा-तेरा वर्षे माझ्याकडे होती. त्यामुळे कलमे वाचायची सवय हाताला लागली आहे. कागदावरच्या एका शब्दाने माणूस आत येतो किंवा बाहेर राहतो, हे मी काउंटरच्या या बाजूने पुष्कळदा पाहिले. त्या बाजूने पाहायची वेळ पहिल्यांदा मुलीच्या घरी आली.

मुलगी परदेशात असते. जावई जन्माने स्कॉटलंडचे. नोकरीनिमित्त दोघे तिसऱ्याच देशात राहतात, म्हणजे त्या शहरात तीही परकी आणि तेही परके. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे एक मराठी मंडळ आहे आणि स्कॉटलंडहून आलेल्या लोकांची एक संस्थाही आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दोघांनी दोन्हीकडे अर्ज भरले. स्कॉटिश लोकांच्या अर्जात नाव, पत्ता आणि ‘कोणत्या कामात हातभार लावायला आवडेल’ एवढेच विचारले होते. मुलीने लिहिले, हिशेब. दुसऱ्या वर्षी ती त्यांची खजिनदार झाली. तिने तोपर्यंत स्कॉटलंड पाहिलेसुद्धा नव्हते.

मराठी मंडळाचा अर्ज दोन पानी होता. दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. जोडीदार मराठी नसल्यास त्यास सहयोगी सभासद समजले जाईल, मताधिकार राहणार नाही, समितीवर निवडून येता येणार नाही.

आमच्या पतसंस्थेत ‘नाममात्र सभासद’ असा एक प्रकार असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये त्याची तरतूद आहे. एखाद्याला एकदाच कर्ज हवे असते, त्याला संस्थेत काही रस नसतो, संस्थेलाही त्याच्यात नसतो. त्याचे नाव वेगळ्या रजिस्टरला लावायचे, त्याला मत नाही, लाभांश नाही, काम संपले की नाते संपले. त्या प्रकाराबद्दल माझे काही म्हणणे नाही, पतसंस्थेत तो बरोबरच आहे. पण ती टीप वाचली तेव्हा मला ते वेगळे रजिस्टर आठवले. ज्या माणसाने साजगावात येऊन माझ्या हातचे खाल्ले, मला ‘आई’ म्हटले, त्याचे नाव त्या रजिस्टरला गेले होते.

मी तिथे पाच महिने होते. गणपतीत मंडळाचे मखर जावयांनी केले. सुतारकामाची त्यांना आवड आहे. पूर्वीचे मखर थर्मोकोलचे होते आणि दरवर्षी फेकावे लागे. यांनी प्लायवुडचे घडीचे केले, बिजागऱ्या लावल्या, पुढल्या वर्षी कुणालाही पंधरा मिनिटांत उभे करता यावे म्हणून प्रत्येक फळीच्या पाठीमागे आकडे लिहिले. आकडे मला विचारून देवनागरीत लिहिले. तीन आणि सहा यांमधला फरक नीट जमेपर्यंत रद्दी कागदावर गिरवत बसले होते. मखराचे सगळ्यांनी फार कौतुक केले, ते मी नाकारत नाही. मंडळी प्रेमळच होती.

मग सर्वसाधारण सभा झाली. मी मागच्या रांगेत त्यांच्या शेजारी बसले होते. पुढल्या वर्षीच्या हॉलच्या भाड्याचा ठराव आला. अध्यक्ष म्हणाले, बाजूने असतील त्यांनी हात वर करा. जावयांचा हात सवयीने उचलला गेला, कानापर्यंत आला आणि त्यांना आठवले. त्यांनी तो हात तसाच पुढे नेऊन केसांवरून फिरवला. बाकी कुणी पाहिले नाही. मी पाहिले.

त्यानंतर ३० नोव्हेंबर आला. स्कॉटलंडचे संत अँड्र्यू यांचा तो दिवस. त्यांच्या संस्थेने एका शाळेच्या हॉलमध्ये केली ठेवली होती. केली म्हणजे त्यांच्याकडची नाचगाण्याची बैठक. मी जायला तयार नव्हते. भाषा येत नाही, गुडघा दुखतो, साडीवर स्वेटर. मुलगी म्हणाली, नुसती बस. पण तिथे बसू देत नाहीत. एक बाई माइकवर उभी राहून प्रत्येक नाचाआधी पायऱ्या सांगते, आधी संगीताशिवाय सगळ्यांना एकदा करायला लावते, चुकले तर पुन्हा. मगच अकॉर्डियन सुरू होते. ज्यांना येते त्यांचा त्यात खोळंबा होतो, पण नवीन माणूस एकटा पडत नाही.

एका नाचात तीन-तीन माणसांच्या रांगा समोरासमोर उभ्या राहतात. ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’ असे त्याचे नाव. सहा जण हात धरून डावीकडे फिरतात, मग उजवीकडे. मग मधला माणूस आपल्या दोन्ही बाजूंच्यांशी फेर धरतो, आणि शेवटी दोन्ही रांगा एकमेकींतून आरपार निघून जातात. पलीकडे नवे तिघे उभे असतात. पुन्हा पहिल्यापासून. मी मध्ये, एका बाजूला मुलगी आणि दुसऱ्या बाजूला जावई. पदर खोचला आणि गेले. सात फेऱ्यांत एकवीस अनोळखी माणसांचे हात हातात आले. त्यात एक नव्वदीच्या आजी होत्या आणि एक शाळकरी मुलगा होता, त्याचा तळवा घामाने ओला झाला होता. कुणी मला कुठली म्हणून विचारले नाही. विचारायला वेळच नव्हता, पुढचे तिघे वाट पाहत होते.

घरी आल्यावर मी जावयांना विचारले, तुमच्या लोकांचे नियम असे का? त्यांनी अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरातली गोष्ट सांगितली. तिथे १७२९ मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी सेंट अँड्र्यूज सोसायटी काढली. या नावाच्या जगात पुष्कळ संस्था आहेत, पण ही सर्वांत जुनी. फिलाडेल्फियाची १७४७ ची, न्यूयॉर्कची १७५६ ची. चार्ल्सटनच्या संस्थेने आपल्या नियमांत मुख्य उद्देश लिहिला तो अडचणीतल्या माणसाला मदत करण्याचा, मग तो माणूस कोणत्याही देशाचा असो. स्कॉटिश असला पाहिजे असे लिहिले नाही. समुद्र ओलांडून आलेली, हलाखीत सापडलेली माणसे बंदरावर उतरत होती, त्यांना आधी घास द्यायचा, कुठला ते नंतर विचारायचे. पावणेतीनशे वर्षे उलटून गेली तरी ती संस्था चालू आहे.

त्यांचे सगळेच असे चांगले होते असे मी म्हणत नाही. ब्रिटिश अमलातल्या मुंबईत साहेबांचे क्लब होते आणि त्यांत हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. त्या साहेबांत स्कॉटिश माणसे पुष्कळ होती. मराठ्यांचा तीन खंडांतला इतिहास १८२६ मध्ये छापणारा ग्रँट डफ स्कॉटलंडचाच, आणि गिरगावातल्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते मराठी शिकलेले जॉन विल्सनही तिथलेच. भाषा शिकणारेही त्यांच्यात होते आणि दार लावून घेणारेही. बंद दारापुढे उभे राहणे काय असते हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. म्हणून आपण आपल्या मंडळाच्या कागदावर ते दार पुन्हा काढू नये, एवढे मला वाटते.

आता माझ्या गावाविषयी सांगते. साजगावची यात्रा तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल. कार्तिकी एकादशीला भरते आणि पंधरा दिवस चालते. यात्रा ताकईच्या विठोबाची. त्या जागेला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात आणि विठोबाला बोंबल्या विठोबा. तुकोबा मिरच्या विकायला घाट उतरून इथे आले, माल उधारीवर दिला, उधारी बुडाली आणि ती विठोबाने वसूल करून दिली, ही कथा आमच्याकडे घरोघरी सांगतात. यात्रेतला मोठा बाजार सुक्या मासळीचा. किनाऱ्याकडच्या कोळणी बोंबील, सोडे, सुकट, वाकट्या घेऊन बसतात आणि घाटावरची माणसे बेगमी करून जातात. ठाकरवाड्यांतली, कातकरी वाड्यांतली माणसे येतात. गळ्यात माळ असलेला वारकरी दर्शन घेऊन सरळ पुढे जातो, माळ नसलेला पिशवी भरून घेतो. दर्शनाच्या रांगेत मात्र दोघे एकापाठोपाठ उभे असतात.

जावई पहिल्यांदा यात्रेला आले तेव्हा एका कोळणीपुढे थबकले. तिने त्यांना बोंबलांची जोडी हातात दिली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून तशीच जोडी वलांडीवर वाळत घालतात, त्यामुळे सुतळी लागत नाही. यांनी खिशातला मोबाइल काढून तिला एक फोटो दाखवला. त्यांच्याकडे आर्ब्रोथ म्हणून बंदर आहे, तिथे हॅडॉक नावाच्या माशांच्या शेपट्या दोन-दोन बांधून त्या जोड्या काठीवर टांगतात आणि लाकडाच्या धुरावर ठेवतात. फोटोत काठीवर ओळीने जोड्या लटकत होत्या. कोळणीने फोटो बोटांनी मोठा केला, बारकाईने पाहिला आणि म्हणाली, ‘शेपटीला बांधतात? मग डोकी कुठं गेली?’ मुलीने भाषांतर केले. डोकी आधीच कापतात, हे कळल्यावर तिने मान हलवली. कालवणाला डोक्याची चव लागते, असे तिचे म्हणणे पडले. अर्धा तास ते दोघे माझ्या मुलीच्या मध्यस्थीने बोलत होते. एडिंबरोजवळच्या न्यूहेवनच्या कोळणी पाठीवर टोपली घेऊन तिचा पट्टा कपाळाला लावून गावोगाव मासे विकत, हे त्यांनी तिला सांगितले. तिने आपली पाटी डोक्यावर घेऊन दाखवली. उठताना तिने वर मूठभर सुकट घातली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

तुमच्या मंडळाच्या नावात संस्कृती हा शब्द असेल तर ती कोळीण त्या शब्दात येते का, हे मला तुम्हाला विचारायचे आहे. अनेक मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका मी आता पाहिल्या आहेत. संक्रांत, पाडवा, गणपती, कोजागिरी, दिवाळी पहाट. सगळे सुंदर आहे, माझ्या घरातही हे सगळे होते. पण १४ एप्रिल, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा दिवस, फार थोड्या ठिकाणी दिसला. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले. महाड आमच्याच जिल्ह्यात. रायगड जिल्ह्यातून उच्च शिक्षण घेऊन बाहेर गेलेला एखादा मुलगा मंडळाच्या वर्षभराच्या पत्रिकेत आपल्या घरातला सर्वांत मोठा दिवस शोधत असेल आणि तो नसेल, तर त्याला मताधिकार असूनही तो नाममात्रच राहतो. यासाठी घटनादुरुस्तीसुद्धा लागत नाही. एक तारीख वाढवायची, आणि ज्यांची ती तारीख आहे त्यांच्या हातात त्या दिवसाची सूत्रे द्यायची.

मराठी कोण, याची व्याख्या कागदावर बांधायला गेलो की ती कुठे ना कुठे तुटते. आमच्या खोपोलीहून निघणारा रस्ता पेणला जातो. पेणकर, किहीमकर, तळकर ही आडनावे आज इस्रायलमध्ये आहेत. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, शतकानुशतके याच किनाऱ्यावर राहिले, तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक तिकडे गेले. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. त्यांच्या घरात गणपती नाही. मराठी आहे. आता मॉरिशस पाहा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून तिकडे गेलेल्यांची नातवंडे-पतवंडे बहुतेक क्रिओल बोलतात. पण गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि आपली जाखडी तिथे झाकरी या नावाने नाचतात. त्यांच्या घरात गणपती आहे, मराठी थोडीच राहिली आहे. सणावरून व्याख्या केली तर पेणकर बाहेर पडतात. बोलीवरून केली तर मॉरिशसचे बाहेर पडतात. जन्मावरून केली तर माझे जावई बाहेर पडतात, आणि उद्या त्यांच्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. अर्धे मत द्यायचे का?

त्या सभेनंतर मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांशी मी बोलले. त्यांनी माझे म्हणणे नीट ऐकून घेतले. त्यांची भीतीही मला खोटी वाटली नाही. ते म्हणाले, ‘ताई, आम्ही हे मंडळ पंचवीस वर्षांपूर्वी एका दिवाणखान्यात सुरू केले. उद्या सगळ्यांना मत दिले आणि बाहेरच्यांचे बहुमत झाले, त्यांनी मराठी कार्यक्रमच बंद केले तर?’ त्यांनी स्वतःच्या गाडीतून वर्षानुवर्षे सतरंज्या वाहिल्या आहेत. अशा माणसाची काळजी उडवून लावता येत नाही. तिच्यावर उपाय काढावा लागतो, आणि तो उपाय सभासदत्वाच्या कलमात नसतो, उद्देशाच्या कलमात असतो.

मंडळ कशासाठी आहे ते स्पष्ट लिहा. मराठी भाषा, मराठी माणसांच्या चालीरीती, त्यांच्याविषयी आस्था असणाऱ्या सर्वांची मैत्री. हे उद्देशाचे कलम बदलायचे तर एकवीस दिवसांची नोटीस आणि हजर सभासदांपैकी तीनचतुर्थांश मते लागतील, असे ठेवा. आमच्याकडे कोरम नसला की सभा अर्धा तास तहकूब करतात आणि मग त्याच जागी, असतील तेवढ्या माणसांत भरवतात, तिला कोरमची अट नसते. तशा तहकूब सभेत घटनादुरुस्ती करता येणार नाही, हे वाक्य आठवणीने घाला. मी संस्थांचे मोठे निर्णय सात माणसांत झालेले पाहिले आहेत. आणि नव्या सभासदाला मताचा हक्क एक वर्षाने द्या, पण तो सगळ्यांनाच एक वर्षाने द्या, मग तो सदाशिव पेठेतून आलेला असो की ग्लासगोहून. हे केले की सभासदत्वाचे दार उघडे ठेवायला भीती राहत नाही. उद्देश मान्य असलेली, अठरा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती. बस्स, एवढे कलम पुरते.

कुटुंब सभासदत्वाचेही बघा. पुष्कळ ठिकाणी एका कुटुंबाला एक मत असते. कागदावर ते निरुपद्रवी दिसते. पतसंस्थेत दोघांच्या नावे भाग असले की ज्याचे नाव पहिले त्याचे मत धरतात, आणि पहिले नाव कुणाचे असते हे मी सत्तावीस वर्षे लिहीत आले आहे. मुलीच्या मंडळाच्या सभेतही मी तेच पाहिले. ठरावाला हात वर झाले ते बहुतेक पुरुषांचे होते. बायका शेजारच्या खोलीत उपम्याच्या डिश भरत होत्या. वर्गणी कुटुंबाची घ्या, मत प्रत्येकाचे धरा. आणि सभा संपल्यावर खायला द्या, आधी नको.

भाषेचा प्रश्न अवघड आहे, तो मी मान्य करते. सभा मराठीतच व्हावी असे मलाही मनापासून वाटते. परदेशात आपली भाषा चारचौघांत मोठ्याने बोलायला मिळते ती मंडळातच. आठवडाभर दुसऱ्याच भाषेत काम करून आलेल्या माणसाला तिथे तोंड भरून मराठी बोलायचे असते, ते त्याच्याकडून काढून घेऊ नये. पण केलीतली ती माइकवरची बाई मी विसरू शकत नाही. तिने नाच इंग्रजीत आणला नाही की सोपा केला नाही. नाच तोच राहिला, फक्त सुरू करण्याआधी तिने तो एकदा सगळ्यांना दाखवला. तसे एक माणूस मंडळात नेमा. आरतीआधी दोन मिनिटे तिचा अर्थ सांगणारे. सभेत ठराव मराठीत मांडल्यावर तिथल्या भाषेत एका वाक्यात सांगणारे. इतिवृत्त दोन भाषांत लिहिणारे. उत्तर अमेरिकेत तुम्ही मराठी शाळा चालवता. त्या वर्गात मुलांच्या शेजारी एक बाक आईबाबांसाठी ठेवा, ज्यांना शिकायचे आहे अशा आईबाबांसाठी. आमचे जावई मखरावरचे आकडे गिरवत होते तेव्हा त्यांना कुठे जाऊन शिकायचे हे माहीत नव्हते.

एक गोष्ट मात्र मी कोणत्याच घटनेत पाहिली नाही आणि तिच्याविषयी मला सगळ्यांत जास्त बोलायचे आहे. माझ्या मुक्कामात त्या शहरात एक तरुण मुलगा वारला. शिकायला आलेला होता. मंडळाचा तो सभासद नव्हता, त्याला वर्गणी परवडत नव्हती. त्याच्या आईवडिलांना इकडे फोन कुणी करायचा, देह परत पाठवायला कोणते कागद लागतात, वकिलातीत कुणाशी बोलायचे, त्याच्या खोलीतले सामान कुणी आवरायचे, हे मंडळात कुणाचे काम आहे ते कुणालाच ठाऊक नव्हते. चार जणांनी धावपळ केली, पैसे जमवले, सगळे नीट पार पाडले. त्यांना माझा नमस्कार. पण ते त्यांनी स्वतःच्या चांगुलपणाने केले, मंडळाने केले नाही. मंडळाच्या अंदाजपत्रकात नाटकाच्या कलाकारांच्या विमानभाड्याची रक्कम होती, आपत्तीसाठी एक पैसा नव्हता.

वर्गणीतला काही हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्यातून मदत करताना समोरचा सभासद आहे का, हे पाहू नका. दर वर्षी दोन माणसे नेमा, ज्यांचे फोन नंबर सगळ्यांना माहीत असतील आणि जी रात्री दोनला फोन उचलतील. त्यांतली एक बाई असू द्या. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या, स्वतःचे बँक खातेही नसलेल्या मुलीला घरात त्रास होत असेल तर ती पुरुषाला फोन करणार नाही. कॅलिफोर्नियात १९९१ पासून अशा दक्षिण आशियाई स्त्रियांना आधार देणारी एक संस्था आहे, तिचे नावच मैत्री. तुमच्या शहरात असे काम करणारे कोण आहे, त्याचा पत्ता मंडळाच्या दिनदर्शिकेवर पहिल्या पानावर छापा. ढोलपथकाच्या फोटोच्या आधी.

पदांच्या मुदतीविषयी थोडक्यात. दोन वर्षे, फार तर चार. जाणाऱ्या समितीने येणाऱ्या समितीला रीतसर चार्ज द्यावा. आमच्याकडे कॅशियर बदलला की तिजोरीतल्या नोटांपासून रबरी शिक्क्यापर्यंत यादी होते आणि दोघे खाली सही करतात. तुमच्याकडेही बँकेतल्या सह्या, पासवर्ड, हॉलची किल्ली, समया, पातेली, माइक या सगळ्याची तशी यादी हवी. मंडळे फुटतात ती पुष्कळदा मतभेदाने फुटत नाहीत, वस्तू आणि किल्ल्या कुणाकडे यावरून फुटतात. लंडनचे मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. इतकी वर्षे टिकायचे तर प्रत्येक पिढीने किल्ली सोडलेली असली पाहिजे, याची मला खात्री आहे.

आमच्याकडे पंगतीत वाढताना कुणाच्या पानात जास्त आणि कुणाच्या पानात कमी वाढले तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. माझ्या सासूबाईंना तो अजिबात खपत नसे. गड्याच्या पानात आणि जावयाच्या पानात तूप सारखेच पडले पाहिजे, म्हणून वाढायला त्या स्वतः उभ्या राहत. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. मी मात्र आयुष्यभर कलमे लिहिली, आणि त्या टिपेवर मुलीने सही केली त्या दिवशी मी फोनवर तिला म्हणाले होते, ‘जाऊ दे, कागद आहे तो, इतके मनावर घेऊ नकोस.’ ते मी चुकीचे बोलले. कागद म्हणजे काय हे मला दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त ठाऊक असायला हवे होते.

त्या मंडळाची पुढली सर्वसाधारण सभा येत्या काही आठवड्यांत आहे. सभासदत्वाचे कलम बदलण्याचा ठराव मुलीने लेखी दिला आहे. तो विषयपत्रिकेवर घेतलेला नाही. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात तो आला तर येईल, असे तिला सांगितले आहे. माझी तुम्हा सगळ्यांना विनंती आहे की तुमच्या-तुमच्या मंडळात हा विषय विषयपत्रिकेवर वरच्या क्रमांकाला घ्या, म्हणजे लोक पूर्वतयारीने येतील, विरोधात बोलायचे असेल तर तेही बोलतील. आणि ज्या शहराचे नाव मी लिहिले नाही, त्या शहरातल्या मंडळाच्या एखाद्या सभासदाच्या वाचनात हे पत्र आले, तर त्यांच्यासाठी एवढेच, की ठरावाची सूचक माझी मुलगी आहे. त्याला अजून अनुमोदक मिळालेला नाही. जावई अनुमोदन देऊ शकत नाहीत.

आपली,
साजगावची एक सेवानिवृत्त पतसंस्था कर्मचारी